स्लॅबवरचं वाळवण

मंडळी, आज एका बाईंची माफी मागायची होती. तोंडच उघडलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

त्र्यंबक रोडच्या आपल्या या निवृत्तांच्या वसाहतीवर मी दर आठवड्याला ड्रोन उडवतो आणि बांधकाम कुठवर आलं ते ग्रुपवर टाकतो. परवाच्या व्हिडिओत क्लबहाऊसच्या नव्या स्लॅबवर साडी पसरलेली दिसली, तिच्यावर पापड. मी लाल गोल काढून लिहिलं, "क्लबहाऊस आपलं, वाळवण मजुरांचं!" तुम्ही सगळे पोट धरून हसलात. संध्याकाळी सुपरवायझरने रिकाम्या स्लॅबचा फोटो टाकला. मी लगेच अंगठा दिला.

आज सकाळी दारात हौसाबाई. हरसूलकडची, साइटवर घमेली वाहते. हातात पिशवी.

"काकू, तुमचे नागलीचे पापड. जरा कचकच लागंल. वर चांगले वाळत घातले व्हते, पन सायबानं काढाय लावले. मंग रस्त्याच्या कडंला वाळवले."

ही ऑर्डर बायकोची होती. मला पत्ताच नव्हता.

"कोणी तक्रार केली गं?" बायकोने विचारलं.

"काय म्हाईत. कुनाला तरी वरून दिसलं म्हनं."

ड्रोन तिथेच टेबलावर चार्जिंगला होता. मी पेपर तोंडासमोर धरला, ती जाईपर्यंत खाली घेतला नाही.

तो व्हिडिओ आता ग्रुपवरून काढून टाकलाय. संध्याकाळी तिच्या शेडवर जातोय. परवा हसलेल्यांपैकी कोण येतंय सोबत?