मंडप भरलाय

“ताट पुढं कर.”

मायनं ताट पुढं केलं. जेवणाच्या मंडपाच्या दारात बसलेल्या मुनिमानं वीतभर वरूनच पैसे सोडले. नाणी जर्मनच्या ताटात खणखणली. रांगेतली माणसं वळून बघायला लागली. माय खाली मान घालून उभी, जणू तिनंच ते मागितले होते.

आम्ही जेवायला आलो होतो.

उस्मानाबादेत तेव्हा नुमाइश भरली होती. निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी प्रदर्शनाला आम्ही नुमाइशच म्हणायचो. आकाशपाळणा, आरशांचं घर, आणि मधोमध हा मंडप. कूपन आधी विकत घ्यायचं, मग पाटावर बसून पोटभर जेवायचं. मी मुरूमला नवी मास्तरीण होते. पहिल्या पगारात दोन कूपनं घेतली. शाळेतल्याच एका बाईंनी सगळ्यांची एकदम मागवली, म्हणून कुणी नावगाव विचारलं नाही.

मायचा जन्म महारवाड्यात गेला. लग्नकार्यात गावाची पंगत उठली की ती आपलं ताट घेऊन उकिरड्याच्या अंगाला बसायची. उरलंसुरलं वरून पडायचं. तिला एकदा पाटावर बसवायचं, कुणीतरी वाकून तिला वाढायचं, एवढंच मला बघायचं होतं. आकाशपाळणा गेला खड्ड्यात.

पण जन्माची सवय आडवी आली. मंडपात ताट मिळतं हे मी तिला दहादा सांगितलं होतं. तरी तिनं घरचं ताट पदराखाली आणलंच. रांगेतही उभी राहीना. चपला लांब काढल्या आणि कुणावर सावली पडू नये अशी बाजूला थांबली. मुनिमानं आधी ताट बघितलं, मग तिला.

“कुठल्या गावच्या तुम्ही?”

“माकणीच्या, मालक.”

“माकणीत कुठं?”

“गावाभाईर.”

मायला खोटं बोलता येत नव्हतं. मला त्या क्षणी तिचाच राग आला. सांगायला लाज वाटते, पण आला.

“मंडप भरलाय,” मुनीम म्हणाला. आणि लगेच ते ‘ताट पुढं कर’. तुम्हीचं तू व्हायला एवढाच वेळ लागला.

कूपनाच्या पाठीवर छापलं होतं, पैसे परत मिळणार नाहीत. आमच्या पुढच्या माणसाची बायको आजारी पडली म्हणून तो पैसे मागत होता, तर मुनिमानं त्याला तेच वाचून दाखवलं होतं. आम्हाला मात्र न मागता परत. आमच्यासाठी नियम मोडला. तेवढ्यात आमच्या मागचे चौघं आत गेलेसुद्धा. त्यांत आमच्या शाळेतल्या त्या बाई होत्या. त्या आकाशपाळण्याकडं बघत गेल्या.

“चल पोरी,” माय कुजबुजली. “लोक बगायलेत.”

माझं डोकं फिरलं. मी तिच्या हातातलं ताट घेतलं आणि मुनिमाच्या टेबलावर पालथं केलं.

“पैसे नकोत. आम्ही जेवायला आलोय. आत किती पाट रिकामे आहेत, माझ्यासमोर मोजा.”

“बाई, शिकलेल्या दिसता. समजून घ्या. म्हातारीला कशाला तरास?”

मी हलले नाही. पंगती बसल्या, उठल्या. माणसं मला वळसा घालून आत जात होती. शिवाशिवीविरुद्ध कायदा झालेला होता, ट्रेनिंगला असताना तो आमच्याकडून पाठ करून घेतला होता. तो पाठ असलेल्या त्या बाईसुद्धा जेवून, हात धुवून माझ्यासमोरून गेल्या. माय लांब लिंबाखाली तोंड फिरवून बसली होती. इतकी एकटी मी नंतर कधी झाले नाही, आणि नंतर मी पुष्कळ एकटी राहिले.

शेवटची पंगत उठली, मंडपाचे पडदे पडले. आम्ही उपाशीच परतीच्या एसटीत बसलो.

“कशापायी गं?” माय म्हणाली. “घ्यायचे व्हते की पैशे. आता तुजी नोकरी जाईल.”

मी तिचा हात धरला. दारात मला तिचा राग आला होता, तो चुकीच्या माणसावर होता, हे तेव्हा कळलं.

नोकरी गेली नाही. सोमवारी त्या बाईंनी विचारलं, “तुमचे पैसे मिळाले ना परत?”

“जागा मिळाली नाही,” मी म्हणाले.

त्या माझ्याशेजारी बसेनाशा झाल्या. मग बाकीच्याही. शाळेत मी डबा एकटीनं खाल्ला, निवृत्त होईपर्यंत.

माय दोन वर्षांनी गेली. पंगतीत बसायचं तिचं राहूनच गेलं. ते मी विसरले नाही, कुणाला माफही केलं नाही.

पुढंही लोक दारात गोड बोलून सांगत आले, जागा नाही, हे तुमचे पैसे घ्या. कधी खोलीचं आगाऊ भाडं, कधी सहलीची वर्गणी. मी हात पुढं केला नाही. परत जायचे पैसे मी कुणाकडूनही घेणार नाही. आत माझी जागा आहे. ती मिळेपर्यंत दारात उभी राहीन, शेजारी कुणी नसलं तरी उभी राहीन.