दामल्यांचा गारठवलेला दिवा

दामल्यांच्या घरी गेलो, तर खवलेल्या नारळाचे डबे आणि गणपतीसाठी करून ठेवलेले मोदक जेवणाच्या टेबलावर. सिंगापूरमधल्या हौगांगच्या उकाड्यात डब्यांना घाम फुटलेला. फ्रीझरमध्ये दिवे होते.

"बघा भावोजी, तुमच्या मित्राचे उद्योग," सुमनवहिनी म्हणाल्या. "निवृत्त झाल्यावर माणसं देवदेव करतात. हे दिवे गारठवतात."

दामले बँकेत ऑडिटर होते. करारनामा असो की कोथिंबिरीची जुडी, त्यांचं एकच वाक्य: "तपासल्याशिवाय सही नाही." त्यांची मुलगी मीरा कॅनडात एकटी राहायची. तिच्या गॅरेजला हीटर नव्हता. हिवाळ्यात तिथली जुनी ट्यूब नुसती लुकलुकायची. म्हणून दामल्यांनी लिटिल इंडियातून इथल्या आणि तिथल्या, दोन्हीकडच्या विजेवर चालतील असे एलईडी दिवे आणले होते. दिवसभर गोठवायचे, बाहेर काढताच वायर जोडायची आणि कोणता पटकन लागतो ते पाहायचं.

"उणे तीसपर्यंत चालतो असं खोक्यावर छापलंय की," मी म्हणालो.

"जोशी, छापणारा तिथे अंधारात उभा राहणार आहे का?"

हा किस्सा मी मंडळाच्या गणपतीत रंगवून सांगितला. मोदक वितळले म्हणून वहिनी रडल्या, ही भर माझी. लोक दामल्यांना 'फ्रीझरशेठ' म्हणू लागले. म्हातारा जरा भ्रमला, असंही कुणी म्हणालं. दामले हसून घेत.

निवडलेला दिवा कॅनडाला गेला. जानेवारीत मीराचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी दामल्यांकडेच चहा पीत होतो. तिने गॅरेजमध्ये शिरून बटण दाबलं. लख्ख उजेड पडला. दामल्यांनी टाळी वाजवली. वहिनी स्क्रीनजवळ सरकल्या.

"किती दिवसांनी नीट दिसतेयस गं... कपाळाला काय झालं?"

एरवी मीरा कपाळावर केस ओढून बोलायची. आज ते लोकरी टोपीत गेले होते आणि भुवईवरचा टाक्यांचा व्रण उघडा पडला होता. आदल्या हिवाळ्यात त्याच गॅरेजमध्ये, अंधारात, ती बर्फावरून घसरली होती. आईचं हृदय नाजूक, तिला कळू देऊ नका, असं तिने बाबांना बजावलं होतं.

"सुमन, ती बरी आहे," दामले म्हणाले. "रागवायचं तर माझ्यावर रागव."

वहिनी त्यांच्याकडे वळल्या. "सगळे हसत होते, तेव्हाही तुम्ही गप्प?"

"हसत होते तोवर कुणी विचारत नव्हतं ना, दिवा कशाला ते."

त्यानंतरही मी मंडळात खरं काही बोललो नाही. किस्सा चांगला चालत होता.

गेल्या महिन्यात दामले गेले. शोकसभेत कुणीतरी तोच किस्सा सांगितला, माझ्याच शब्दांत. लोक प्रेमाने हसले. सवयीने मीही हसलो.

निघताना वहिनी माझ्यापाशी थांबल्या.

"भावोजी, तुम्हाला तर खरं माहीत होतं."