मैत्री मंडळानं बांधायला लावलेली राखी

हिंगोली परभणीतून सुटून नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. मी आठवीत होते आणि आमच्या शाळेच्या मैत्री मंडळाची सचिव. कुणी कुणाला छळलं तर मंडळानं तक्रार वहीत लिहायची, मग हेडसरांनी समेट घडवायचा. सचिव म्हणजे काय, तर वही सांभाळायची अन् मिरवायचं. दोन्ही मी मन लावून केलं.

आमच्या वर्गात तांड्यावरची एकच मुलगी. रोज कोसभर चालत यायची आणि गणितात मला मागं टाकायची. वर्गातले तिघं तिच्या बोलण्याची नक्कल करायचे, वाटेत वेणी ओढायचे, एकदा तर दप्तर नाल्यात फेकलं. बापानं बजावलं होतं, पुन्हा काही कानावर आलं तर शाळा बंद, ऊसतोडीला चल. म्हणून ती घरी चकार शब्द काढत नव्हती. मीच म्हटलं, "मंडळाला सांग की. आमी हाव ना!"

तिनं सांगितलं. राखीपौर्णिमा तोंडावर होती. सरांनी भर प्रार्थनेत त्या तिघांना पाटावर बसवलं आणि तिला राख्या बांधायला लावल्या. "आता हे तुझे भाऊ. भाऊ कधी बहिणीला छळतो का?" टाळ्या पडल्या. तिघांकडं न बघताच तिनं गाठी मारल्या. ताट धरून मी शेजारीच उभी होते, मला दिसत होतं. तरी वहीत लिहिलं, 'तक्रार मिटली.'

झालं! त्या दिवसापासून ते तिघं "बहिणीला घरी सोडतो" म्हणून रोज तिच्या मागं. मास्तर लोक कौतुकानं बघायचे. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय! एका सकाळी ती फाटकी ओढणी घेऊन माझ्यापुढं आली. "पुन्हा लिही ना वहीत."

"मिटलेलं कसं उकरू? सर रागावतील," मी म्हटलं. सचिवपद जाईल म्हणून घाबरले होते मी. लाज वाटते सांगायला.

दिवाळीनंतर तांड्यावर याचा बोभाटा झाला आणि बाप तिला घेऊन दाखला न्यायला आला. मी हजेरीपट ठेवायला ऑफिसात गेले होते. सर त्याला म्हणाले, "आम्ही मंडळ कशाला काढलं? पोरीनं पुन्हा सांगायला नको?"

"काहून न्हाई सांगितलं?" बापानं तिला विचारलं.

"सांगितलं होतं. हिला." तिनं माझ्याकडं बोट केलं.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. सरांनी विचारलं, "काय गं, खरंय?"

"न्हाई सर," मी म्हटलं.

बापानं हात जोडले. "माफी करा सर, लेकरू खोटं बोललं," म्हणाला आणि कागदावर अंगठा उमटवला.