सदानं पिक्चर काढला तेव्हा

चार माणसं पिक्चर काढायला लागली की पिक्चर होतो एक आणि किस्से शंभर! आमचा पिक्चर जेवढ्यांनी बघितला, त्याच्या दुप्पट लोकांनी त्याचे किस्से ऐकलेत. दिग्दर्शक माझा मित्र सदा. कॅमेरा माझ्याकडं.

*

सुरुवात झाली नव्वदच्या दशकात, लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगनं. एका पाठवणीला नवरी आईच्या गळ्यात पडून रडली आणि नेमकी माझी बॅटरी संपली. दुसरी लावेपर्यंत नवरी गाडीत!

सदा खिडकीशी गेला. "ताई, जरा उतरून परत रडा की. क्लोजअप राहिलाय."

नवरीला असं हसू फुटलं की थांबेना. कॅसेटमध्ये तेच आलं. वाटलं, आता मार बसतोय. पण सासूबाई जाम खूश! पुढं कित्येक वर्षं पावण्यांना कॅसेट लावून सांगायच्या, "आमची सून हसत आलीया, बघा!"

*

मग मराठी चॅनेल वाढले. नव्या दिग्दर्शकांना संधी आहे असं कळल्यावर सदा स्क्रिप्ट घेऊन मुंबईला एका चॅनेलच्या ऑफिसात गेला. सोबत मी. मॅडमनी विचारलं, "तुमचा टार्गेट ऑडियन्स कोण?"

"आमची शिवाजी पेठ," सदा म्हणाला.

"आणि त्याच्या पलीकडे?"

सदानं बराच विचार केला. "मंगळवार पेठ. पण त्यांचा भरवसा न्हाय!"

मॅडम हसल्या, चहा पाजला आणि स्क्रिप्ट परत दिली. परतीच्या एसटीत सदा साताऱ्यापर्यंत स्क्रिप्टची पानं उलटत बसला. मग एकदम म्हणाला, "आपणच काढूया."

*

कबनूरचे बसाप्पा अण्णा यंत्रमागवाले. त्यांनी शूटिंगला कारखाना दिला, पण अट घातली. "माग बंद करणार न्हाय."

सीन होता घर सोडून निघालेल्या मुलाचा आणि आईचा. त्या खडखडाटात आईचं काम करणाऱ्या बाईंना काही ऐकूच येईना. प्रत्येक डायलॉगला त्या "आँ?" करायच्या. तेवढ्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या शांताबाईंनी लांबूनच आम्हाला हातानं विचारलं, जेवलासा का? तिथं सगळी माणसं दिवसभर अशीच बोलायची, हातानं आणि ओठांनी.

सदानं डायलॉग फाडले आणि शांताबाईंना आई केलं. त्यांनी मागांच्या पलीकडून मुलाला नुसत्या हातानं सांगितलं: जा. जेवत जा. माझी काळजी करू नको.

टेक संपला. अण्णा धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत म्हणाले, "डायलॉग भारी लिवलायसा हो!"

*

व्हिलन म्हणून तालमीतला एक पैलवान मिळाला. शंभर किलोचा गडी. हिरो म्हणजे नुसती काडी! शेवटच्या मारामारीत पैलवान पडायलाच तयार नाही.

"ह्याच्या हातनं पडू? उद्या तालमीत काय तोंड दाखवू?"

दोन दिवस शूटिंग बंद. शेवटी आम्ही त्याच्या वस्तादांकडं गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पैलवानाला हाक मारली.

"पाय घसरून पड. घसरला त्यो हारला, असं कुठं लिवलंय?"

आमच्या पिक्चरमध्ये व्हिलन केळाच्या सालीवरून घसरून मरतो, ते त्यामुळं!

*

सदाचे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, एका थेटराचे डोअरकीपर. उभी हयात दारावर गेली. पोराचं हे पिक्चरचं वेड त्यांना बिलकुल पसंत नव्हतं. दोन वर्षं बापलेकांत बोलणं नव्हतं.

नेमकं त्याच थेटरानं आम्हाला एक मॅटिनी दिली. सदा नवा शर्ट घालून दारात आला. आबांनी हात आडवा धरला.

"तिकीट?"

"आबा, माझाच पिक्चर हाय."

"असंल. तिकीट दाखवा."

सदा गुमान खिडकीवर गेला, तिकीट काढून आणलं. आबांनी ते फाडलं, अर्धं त्याच्या हातात दिलं आणि पुढं होऊन बॅटरीच्या उजेडात त्याला खुर्चीपर्यंत नेलं. दिवे गेले, पिक्चर सुरू झाला.

पाचेक मिनिटांत मागून मॅनेजर ओरडले, "दारावर कोण हाय की न्हाय? माणसं फुकट आत शिरायलीत!"

सदाच्या शेजारच्या खुर्चीतून अंधारात आबांचा आवाज आला, "ओ, गप बसा की! पिक्चर बघू द्या!"