चार वाजताची इस्त्री

इकडे हिंदी मुलखात, शिंदे की छावनी या वस्तीत, आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई कोळशाची इस्त्री चालवते. नाव मी कधी विचारलं नाही. चार वाजले की ती इस्त्री विटेवर टेकवते. शाळेतून आलेली तिची मुलगी हातपाय धुते, पोळी खाते, ठेल्याशेजारी पोतं अंथरून वही उघडते. बाई तिच्याजवळ तासभर बसते. मग कुणीही येवो.

एकदा मीच गेलो. पुतणीच्या लग्नाला निघायचं, साडेचारची बस आणि कुडता चुरगळलेला.

"बाबूजी, पाँच बजे."

"एका कुडत्याला किती वेळ लागतो गं? अशानं गिऱ्हाईक जाईल तुझं."

"दो घर जा चुके."

"कलेक्टर करणार आहेस काय तिला?"

"बने न बने, चार बजे बैठेगी."

मी चिडलो. "तुला तरी वाचता येतं का?"

"पढ़ना नहीं आता, बाबूजी. बैठना आता है."

मी चौथी नापास, पण घराणं फौजेचं, म्हणून शिस्तीचा मोठा तोरा. पोरांना छडी दाखवून अभ्यासाला बसवायचो आणि स्वतः चौकात गप्पा मारायला जायचो. त्यांच्या शेजारी एक दिवस बसलो नाही.

आजवर कुणाचं ऐकलं नाही मी. पण तिचा तो तास मोडायची हिंमत झाली नाही. चुरगळलेलाच कुडता घालून लग्नाला गेलो. व्याही हसले, तर ताठ मानेनं सांगितलं, "आमच्याकडे चार वाजता इस्त्री बंद असते."