पैलवानाची सुरी

आमचा पैलवान दारात उभा राहिला की खोलीतला उजेड कमी व्हायचा. सहा फुटांच्या वर उंची आणि मनगट इतकं जाड, की घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकातसुद्धा बसत नसे. तालमीचं तोंड त्यानं कधी पाहिलं नव्हतं. नाव नुसतं अंगावरून पडलेलं. सावेडीत आमच्या घराच्या वरच्या खोलीत तो भाड्यानं राहायचा आणि एमआयडीसीतल्या एका कारखान्यात दिवसभर लोखंडाचे जड ओतीव भाग उचलायचा. असा हा माणूस आमच्या खेळात मात्र सगळ्यात हलकं हत्यार मागून घ्यायचा.

हा खेळ टेबलाभोवती बसून खेळायचा. पुण्यात शिकताना मला त्याचा नाद लागला आणि नगरला परतताना तो माझ्याबरोबर आला. एकानं गोष्ट सांगायची, ते काम माझं. बाकीच्यांनी गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं. त्याला बळ किती, चपळाई किती, ते आकडे कागदावर लिहायचे. गुण मोजकेच असतात. बळाला जास्त दिले की चपळाईला उरत नाहीत. बळाच्या माणसानं कुऱ्हाड नाहीतर जड तलवार घ्यावी, चपळ माणसानं धनुष्य किंवा सुरी. डाव साधला की फसला, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. दर रविवारी दुपारी मी, माझी धाकटी बहीण अनघा आणि शेजारचे दोघं खेळायला बसायचो. आमचा आरडाओरडा ऐकून एकदा पैलवान जिना उतरून आला आणि दाराशी उभा राहून बघत राहिला. अनघा म्हणाली, "या ना, बसा. आम्हाला एक तगडा गडी हवाच होता."

"बसतो," तो म्हणाला, "पण तगडा नको, ताई. पळता येईल असा माणूस द्या."

त्यानं आपल्या पात्राचं नाव ठेवलं पाखऱ्या. चपळाई भरपूर, बळ नावाला. हातात एक सुरी, खांद्याला दोर. आणि आमची पन्नास किलोची अनघा दोन्ही हातांनी पेलायची कुऱ्हाड घेऊन त्याच्या शेजारी. दोघांचा वाद ठरलेला. अनघा म्हणायची, कुऱ्हाडीच्या एका घावात काम होतं, तुझ्या सुरीला चार लागतात. तो शांतपणे म्हणायचा, "घाव बसला तर, ताई. आधी बसू तर द्या."

एकदा याच वादात त्यानं आपल्या आईची गोष्ट सांगितली. त्याचे आईवडील पाथर्डीकडचे, दर साल ऊसतोडीला जाणारे. त्याचं लहानपण साखर कारखान्याच्या तळावरच्या कोप्यांमध्ये, पाचटाच्या झोपड्यांत गेलेलं. "बाप माझ्यासारखाच दांडगा. सकाळी कोयता असा हाणायचा, की बघत ऱ्हावं. दुपारपातुर खांदा भरून यायचा. आई एवढीशी. ती खांदा हलवायचीच न्हाई, नुसतं मनगट. सांजच्याला बघितलं तर आईचा ऊस जास्त पडलेला." त्यानं मनगट फिरवून दाखवलं.

ओझ्याचं मात्र त्याला वावडं होतं. एका गुहेत आमच्या टोळीला जुनी सोन्याच्या मुठीची तलवार सापडली. सगळ्यांनी त्याला घे म्हणून आग्रह केला. तो कागदावरचे आकडे बघत म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. उचललं की न्यावं लागतं." कारखान्यात दोन माणसांनी उचलायचं वजन याच्या एकट्याच्या हातात दिलं जाई, हे मला पुढे कळलं. गावी गेला तरी कुणाचा पंप, कुणाची पोती याच्याच खांद्यावर. "मोठं अंग दिसलं की लोकं काहीतरी हातात देत्यात, दादा," असं तो एकदाच बोलला, तेही हसत.

मग एका रविवारी त्याच्या हातून चहाचा कप निसटला. पुढच्या रविवारी फासा नीट उचलता येईना. कारखान्यातल्या कामानं हात दुखावला असेल, असं आम्ही धरून चाललो. काही महिन्यांनी तो जिन्यावर पडला, तेव्हा मी त्याला पुण्याला घेऊन गेलो. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, की स्नायूंना चालवणाऱ्या नसा मरत चालल्या आहेत आणि यावर औषध नाही. परतीच्या एसटीत शिरूर येईपर्यंत मी शब्द जुळवत होतो. शेवटी त्यानंच विचारलं, "पाय पण जातील का?" मी हो म्हणालो.

खोली सोडून तो गावी गेला. त्या साली आईवडील तोडीला गेले नाहीत. त्याला उठवायला-बसवायला दोघं लागायची. महिन्यातून एका रविवारी अनघा आणि मी पाथर्डीला जायचो, तिथून जीपनं त्याच्या गावी. खाटेशेजारी सतरंजी टाकून डाव मांडायचो. एकदा अनघानं भीत भीत विचारलं, "पाखऱ्याला थोडं बळ वाढवून देऊ का रे? नियम काय, आपलेच आहेत."

"नको, ताई," तो म्हणाला. आवाज तेव्हाच बारीक झाला होता. "बळ लई वापरलं. पळायचं न्हाई झालं."

हात पुरते गेल्यावर फासा त्याची आई टाकू लागली. तो म्हणायचा, "आये, टाक." ती परातीत फासा हळूच सोडायची, आकडा वाचता येत नसल्यासारखी माझ्याकडे बघायची आणि मी सांगेपर्यंत श्वास धरून बसायची.

शेवटच्या डावात पाखऱ्याला एका कड्यावरून समोरच्या कड्यावर उडी घ्यायची होती. असल्या उड्या त्यानं कितीतरी मारल्या होत्या. परातीत एकचा आकडा पडला. याहून वाईट आकडा नाही. मी फासा पटकन उचलायला गेलो.

"दिसला मला," तो म्हणाला. "खोटं सांगू नका, दादा."

मी सांगितलं, की पाखऱ्याची उडी चुकली, पण समोरच्या कड्याची धार त्याच्या हाताला लागली आहे. आता वर यायचं तर पंधराच्या पुढे आकडा हवा, आणि हा फासा बळाचा, चपळाई इथे उपयोगाची नाही. त्याला हसू आलं. हसताना धाप लागली. आई म्हणाली, आता पुरे, पोरगं दमलंय. पुढच्या महिन्यात खेळू, असं ठरवून आम्ही उठलो. त्या महिन्याच्या आतच तो गेला.

दहाव्याला गेलो. माणसं पांगल्यावर त्याचे वडील माझ्याजवळ ओट्यावर येऊन बसले. इतक्या फेऱ्यांत ते आमच्याशी फारसं बोलले नव्हते. आम्ही आलो की बाहेर जाऊन बसायचे. त्यांनी विचारलं, "तुमच्या त्या खेळात आमचा पोरगा काय करायचा?"

मी सांगत गेलो. पाखऱ्या कुठल्या भिंती चढला, कुणाच्या हातून कसा निसटला, पुरात त्यानं कुणाकुणाला दोरानं पलीकडं नेलं. ते मान खाली घालून ऐकत होते.

"आन आता कुटं हाय त्यो?"

मी कड्याचं सांगितलं. खिशातला फासा काढून त्यांच्यापुढे धरला आणि कसं कोण जाणे, म्हणून गेलो, "तुम्ही टाकता का, काका?"

त्यांनी फासा घेतला. त्या रुंद तळहातावर तो हरभऱ्याएवढा दिसत होता. त्यांनी मूठ मिटली, बराच वेळ तशीच गुडघ्यावर ठेवली. मग फासा माझ्या हातात परत दिला.

"धरलंय ना त्यानं अजून?" ते म्हणाले. "मग ऱ्हाऊ द्या तसंच."