गेलेल्या कामाचा टॅक्स

मी सुरतेला निघाले त्या दिवशी दोंडाईच्याच्या स्टेशनवर आमचं अर्धं गाव आलं होतं. आई रडत होती, मावश्या रडत होत्या आणि मी, एकोणीस वर्षांची नवी नवरी, खिडकीतून मैत्रिणींना विचारत होते, "बोला, कुणाला कुठल्या रंगाची साडी आणू आखाजीच्या सणाला?" जणू सुरतेच्या सगळ्या मिली माझ्या सासऱ्याच्या होत्या! गाडी हलली तशी आई खिडकीचे गज धरून चार पावलं चालली आणि म्हणाली, "कोनंबी फुकटनं खाऊ नको, माय." मी मान डोलावली. नंदुरबार येईपर्यंत मी इतकी सुरतकर झाले होते की चहावाल्याला म्हटलं, "भाई, एक चा आपो." तो आमच्याच शेजारच्या गावचा निघाला. हसला आणि अहिराणीत विचारलं, "कोना घरनी शे?"

गावातल्या माणसांनो, आणि माझ्यामागून त्याच गाडीने सुरतेला आलेल्यांनो, हे सगळं आज लिहायला कारण आहे. त्या एका मान डोलावण्याने मी पुढे जे दिवे लावले त्याची भरपाई माझ्या मुलाला भरावी लागली, तीही थेट इन्कम टॅक्समध्ये.

सुरतेच्या पांडेसऱ्यात आमची एक खोली होती. हे रंगाईच्या मिलमध्ये कामाला. खोलीमागच्या नाल्याचं पाणी एक दिवस लाल, एक दिवस निळं. त्यावरून मिलमध्ये आज कुठला रंग चाललाय ते कळायचं, आणि हे घरी यायच्या आधीच मी यांच्या बनियनचा रंग सांगायचे. बाकी मला सुरतेतलं काही कळत नव्हतं, पण कळतं असा आव भारी होता.

राजू सहा वर्षांचा असताना ती मिल बंद झाली. शेठने गेटवर टेबल टाकून कामगारांना काम गेल्याची भरपाई द्यायला सुरुवात केली. हे रांगेत उभे आहेत असं शेजारणीने सांगितलं मात्र, मी पदर खोचून तिथे हजर! काम न करता पैसे घ्यायचे? म्हणजे भीकच की! आईचा शब्द माझ्या कानात घुमत होता. रांगेतून मी यांना मनगटाला धरून बाहेर काढलं. पुढचे मागचे सगळे बघत होते. हे बिचारे एवढंच म्हणाले, "अगं, माझेच आहेत ते." मी कसली ऐकते! ज्यांनी पैसे घेतले त्यातल्या एकाने भजीची लारी, म्हणजे हातगाडी, टाकली, दोघांनी जागा घेतली. आम्ही पाच महिने मान ताठ ठेवली. मी साड्यांचे धागे कापायचं काम घरी आणत होते, डोळे चुरचुरायचे, पण मान ताठ.

त्यात अक्षय तृतीया, आमची आखाजी, आली. माहेरी जायचं आणि नवऱ्याचं काम गेलंय म्हणून सांगायचं? छे. मी राजूला पढवून नेलं; बापाला तो दादा म्हणायचा. "मामाने विचारलं तर काय सांगायचं?" "दादांनीच सोडली." "शाब्बास." माझा भाऊ आप्पा, त्याने विचारलंच. राजू पोपटासारखा बोलला, "दादांनीच सोडली नोकरी." आणि मग अंगच्या हुशारीने पुढे म्हणाला, "शेठ रडला." ओसरीवर सगळे एकमेकांकडे बघू लागले. मला वाटलं, काय छाप पडली! आज आठवलं की त्या बाईच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. पण ती मीच, मग स्वतःलाच एक टपली मारते आणि चहा ठेवते.

आता हे नाहीत. राजू पंचेचाळिशीचा झाला, कलर मास्टर झाला. कपड्यावर रंग कसा चढेल ते पाणी बघून सांगतो. पगार टॅक्स लागण्याएवढा. आम्ही आता भेस्तानला राहतो, पण रंगीत पाण्याचा नाला इथेही घरामागे आहेच. गेल्या दिवाळीला त्याच्या मिलची सुट्टी पडली ती पडलीच, गेट उघडलंच नाही. या मिलमध्ये त्याला चार वर्षं झाली होती. दोन महिने वाट बघून त्याने पीएफ काढला, कारण नात मयुरीची नर्सिंगची फी भरायची होती. पैसे आले, पण टॅक्स कापून आले. फीला कमी पडले. सून संगीता म्हणाली, "काम गेलं त्यालाही टॅक्स? हे कुठलं बाई!"  गावाहून फोन आला की राजू हल्ली गच्चीवर निघून जायचा. चुलतभावाच्या हळदीलाही गेला नाही.

टॅक्सचे फॉर्म भरणारे भाई आमच्याच गल्लीत बसतात. मी राजूच्या मागे गेले.

"मासी, तमे केम आव्या?" भाईंनी विचारलं, तुम्ही कशाला आलात म्हणून.

"मुलगा हरवू नये म्हणून," मी म्हटलं.

भाईंनी कागद चाळले आणि विचारलं, "मास्टर, नोकरी तमे छोडी के मिल बंद थई?"

राजू खाली बघत म्हणाला, "मीच सोडली."

भाई म्हणाले, "मग कापला तो बरोबर कापला. पाच वर्षं पुरी व्हायच्या आधी स्वतः नोकरी सोडली तर पीएफवर टॅक्स लागतो. मिल बंद पडली असती तर गोष्ट वेगळी. मग तो टॅक्स लागत नाही, परत मागता येतो."

मी राजूकडे बघितलं. "अरे, मिल तर बंदच झाली ना?"

तेव्हा त्याने सांगितलं. मिलने शेवटी फॉर्म दिला होता, त्यात नोकरी सोडण्याचं कारण लिहायचं होतं. बाकीच्यांनी 'मिल बंद' लिहिलं. याने लिहिलं, 'स्वतःच्या मर्जीने'. "काढलं असं स्वतःच्या हाताने कसं लिहू, माय?"

 माझंच वाक्य होतं ते. सहा वर्षांच्या पोराच्या तोंडात मी घातलेलं, त्याने ते इतकी वर्षं जपून ठेवलं आणि वेळ आल्यावर अक्षर चुकू न देता वापरलं.

मी भाईंना विचारलं, "एक सांगा, काम गेल्यावर जो पैसा मिळतो तो फुकटचा का?"

भाई हसले. "मासी, मफतना पैसा पर टॅक्स कसला? सरकार हात घालतं ते कमाईत. हा याच्याच पगारातून साठलेला पैसा."

म्हणजे हे त्या रांगेत मला जे सांगत होते, तेच.

भाईंनी उपाय सांगितला: मिलकडून लेखी कागद आणायचा, की मिल बंद झाल्यामुळे कामावरून कमी केलं. राजू दोनदा गेटपर्यंत गेला आणि दोनदा परत आला. का, ते मला न सांगता कळलं. हिशोबापुरत्या चालू ठेवलेल्या ऑफिसात कागद टाइप करणारा कारकून आमच्या शेजारच्या गावचा, गेटवरचा वॉचमन तर आमच्याच गावचा. पांडेसऱ्यात सकाळी शिंकलं तर दुपारी दोंडाईच्यात औषध सुचवतात. तो कागद निघाला की गावात बातमी पोचलीच.

"मग आपणच पोचवू," मी म्हटलं आणि मयुरीकडून मोबाइल घेतला. गावच्या ग्रुपवर बोलून पाठवायचं कसं ते तिनेच मला शिकवलंय, आता पस्तावते. राजू "माय, नको" म्हणेपर्यंत माझं बोट दाबलेलं होतं: "राजूनं काम गयं. मिल बंद पडनी. त्यानी सोडं नही. आनि त्याना बापनं काम गयं तवयबी मी खोटंच बोलनू. शेठ काही रडना नही."



पहिला फोन आप्पाचा. मी तो मुद्दाम स्पीकरवर ठेवला. आप्पा म्हणाला, "आमले तवयच माहीत व्हतं, बाई." त्या गेटवरच्या रांगेत गावची सात माणसं होती म्हणे, मी यांना ओढत नेलं ते सातही जणांनी घरी कळवलं होतं. "त्या वर्षी दोन पोती बाजरी जास्त का दिली असं वाटलं तुला?" मला वाटलं होतं, छाप पडली म्हणून! संगीता इतकी हसली की तिला ठसका लागला. राजू खिडकीकडे तोंड करून उभा होता, त्याचेही खांदे हलत होते. हसत होता की काय, मी नीट बघायला गेले नाही.

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर आणखी तिघे बोलले. एक सुरतेतल्याच कोसाडचा, दोन पांडेसऱ्याचे. "काकू, माझंही गेलंय." "आत्या, मला तर चार महिने झाले, घरी सांगितलं नाही." दुसऱ्या दिवशी राजू गेटवर गेला आणि कागद घेऊन आला. वॉचमनने त्याला चहा पाजला, कारकुनाने रंगाईच्या एका नव्या युनिटचं नाव सांगितलं. भाईंनी रिटर्न पुढे जूनमध्ये भरलं. टॅक्स अजून परत आलेला नाही, मयुरीची फी हप्त्याने चाललीय, आणि राजूला ठरावीक असं काम अजून नाही. बोलावलं की तो त्या नव्या युनिटमध्ये रंगाची शेड जुळवून देतो.

पण रिटर्नच्या आधी आखाजी आली आणि राजू बऱ्याच वर्षांनी गावी आला. ओसरीवर कुणीतरी विचारलंच, सध्या काय चाललंय. मी तोंड उघडणार होते, पण राजूच म्हणाला, "काही नाही. काम गेलंय." मांडे भाजून भाजून लाल झालेल्या हातांनी माझी वहिनी बाहेर आली आणि म्हणाली, "काम नही ना? मंग आठ दिन राह ना, भाऊ."

आणि तो राहिला. आठाचे बारा दिवस राहिला, मामाच्या विहिरीत पोहला, अंगणातल्या खाटेवर दुपारभर झोपला. मी होते तेवढ्यातच पाहिलं, चार वर्षांत त्याला एवढी झोप लागली नव्हती. मी आपली तिसऱ्या दिवशीच परतीच्या गाडीत बसले. आप्पा म्हणाला, "तुला कसली घाई? तुला कुठे नोकरी आहे?" काय सांगणार? नाल्याचं पाणी आज कुठल्या रंगाचं आहे ते बघितल्याशिवाय मला करमत नाही हे कबूल करायला अजून थोडी लाज वाटते. ते मी ग्रुपवर टाकलेलं नाही.